ट्रान्सपोर्टला गेली तर काय बिघडलं?

देवरुखच्या एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलगी बारावी सायन्सला आहे, एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, तयारी करते आहे आणि हवाई दलात वैमानिक व्हायचं म्हणते. नात्यातले एक निवृत्त सुभेदार म्हणाले की फायटर मिळालं तर उत्तम, नाहीतर ट्रान्सपोर्टला, म्हणजे मालवाहू विमानांवर, टाकतात आणि मग जन्मभर आभाळातला ट्रक हाकायचा. हे खरं आहे का? ट्रान्सपोर्टचा वैमानिक नेमकं करतो काय, धोका किती, घरदार कसं सांभाळतो आणि आमच्यासारख्या घरातल्या मुलीनं या वाटेला जावं का?

मी नोकरीतली बहुतेक वर्षं एएन-३२ हे दोन इंजिनांचं मालवाहू विमान उडवलं, आता रत्नागिरीत असतो. माझं मत ट्रान्सपोर्टच्या बाजूनं झुकणार हे गृहीत धरूनच पुढचं वाचा.

सुभेदारसाहेबांचा मला राग नाही. त्यांनी ही विमानं आतून पाहिली आहेत, पण मागच्या बाजूनं. कडेला जाळीच्या सीटा, मधोमध पट्ट्यांनी आवळलेल्या पेट्या, कानात घालायला दिलेला कापूस, आणि इंजिनांची अशी घरघर की शेजाऱ्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. खिडकी छोटी, तीही पाठीमागे. तिथं बसलेल्याला ट्रक आठवला तर त्याचं काय चुकलं? पण ट्रक बिघडला तर बाजूला घेऊन बॉनेट उघडता येतं. हिमालयातल्या खोऱ्यात शिरलेल्या विमानाला थांबता येत नाही, आणि खोरं अरुंद असेल तर वळताही येत नाही. म्हणून तिथले निर्णय खोऱ्यात शिरण्याआधीच घेऊन ठेवावे लागतात.

लेहचंच घ्या. चंदिगडहून तासाभराची फ्लाइट. तिथली धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १०,७०० फुटांवर आहे. एवढ्या उंचीवर हवेची घनता रत्नागिरीतल्या हवेच्या ७० टक्क्यांच्या आसपास उरते. पंखांना उचलायला हवा कमी, इंजिनांना ओढायलाही कमी. समोरच्या घड्याळात वेग १०० नॉट दिसतो तेव्हा विमान प्रत्यक्षात १२०च्या आसपास धावत असतं, कारण विरळ हवेत तेवढीच उचल मिळवायची तर जास्त पळावं लागतं. उतरताना ब्रेकवर ताण, उडताना धावपट्टी अपुरी वाटते. शिवाय तिथं साधारणपणे एकाच बाजूनं उतरायचं आणि त्याच बाजूनं बाहेर पडायचं, कारण दुसऱ्या टोकाला डोंगर चढत जातो. उतरण्याच्या एका ठरावीक टप्प्यानंतर बेत बदलणं फार अवघड. दुपार झाली की खोऱ्यातला वारा उठतो. म्हणून लेहची कामं सकाळी. चंदिगडच्या मेसमध्ये पहाटे तीनला चहा पिणारे डोळे चोळत असतात ते याचसाठी.

आता दोन इंजिनांच्या विमानातलं एक इंजिन वाटेत बंद पडलं असं समजा. एका इंजिनावर ते विमान आहे त्या उंचीवर राहू शकत नाही, हळूहळू खाली येऊ लागतं आणि एका पातळीवर स्थिरावतं. सपाट मुलखावर यात फारसं काही नाही. पण खालच्या डोंगराची उंची त्या पातळीहून जास्त असेल तर? म्हणून रोहतांग खिंड ओलांडल्यापासून क्रूमध्ये एक संवाद अखंड चालू असतो: आत्ता, या क्षणी इंजिन गेलं तर कुठल्या खोऱ्यातून बाहेर पडायचं? पाच मिनिटांनी उत्तर बदलतं. नॅव्हिगेटर नवं खोरं सांगतो, कॅप्टन मान हलवतो. बहुतेक वैमानिकांची उभी नोकरी हे इंजिन न जाता संपते. पण एकाही फेरीत हा संवाद टाळलेला मी पाहिला नाही.

या कामातली सर्वांत कठीण गोष्ट कुठली, असं कुणी विचारलं तर मी 'परत फिरणं' म्हणेन. मागे चाळीसेक जवान बसलेले असतात. चंदिगडच्या ट्रान्झिट कॅम्पात हवामान उघडण्याची वाट बघत त्यांनी दोन-तीन दिवस काढलेले असतात. परतीच्या फेरीसाठी लेहला थांबलेल्यांत सुट्टीवर निघालेला मराठा लाइट इन्फन्ट्रीतला एखादा संगमेश्वरचा, एखादा खेडचा पोरगा असतो. गणपती चार दिवसांवर आलेत, पुढे दिल्ली, मुंबई आणि मग कोकण रेल्वेचं तिकीट, तेही कन्फर्म नाही. आणि तुम्ही अर्ध्या वाटेवरून ढग बघून विमान वळवता. चंदिगडला उतरल्यावर कुणी काही बोलत नाही, पण चेहरे बोलतात. हर्णैच्या किंवा मिरकरवाड्याच्या बंदरात राहिलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. होडीत बर्फ भरलाय, डिझेल भरलंय, खलाशी चढलेत, आणि तांडेल वाऱ्याकडे बघून म्हणतो, आज नाही. खर्च त्याच्याच अंगावर पडणार असतो, तरी म्हणतो. स्क्वाड्रनमध्ये चांगला कॅप्टन कोण हे ठरवताना आम्ही हेच बघायचो. किती वेळा पोहोचला हे लॉगबुक सांगतं. कुठून परत फिरला, हे क्रू रूममध्ये कळतं.

ईशान्येकडचं काम वेगळ्या प्रकारचं. आसाममधल्या जोरहाटहून अरुणाचलच्या मेचुका, तुतिंग, वालाँग, विजयनगर अशा छोट्या धावपट्ट्यांवर माल न्यायचा. जिथं धावपट्टीच नाही तिथं वरून टाकायचा. याला आमच्याकडे 'एअर मेंटेनन्स' म्हणतात. नाव एखाद्या वर्कशॉपसारखं आहे, पण कित्येक ठाण्यांवर तांदूळ, पीठ, रॉकेल, औषधं या मार्गानं पोहोचत आली आहेत. टाकण्याची तऱ्हा अशी: विमानाचा मागचा रॅम्प उघडलेला, तिथं ऑक्सिजन मास्क लावून आणि कमरेला पट्टा बांधून लष्कराच्या एएससीची (रसद पुरवणाऱ्या दलाची) माणसं आणि मागच्या भागात काम करणारा आमचा फ्लाइट गनर उभे. नॅव्हिगेटरनं हिरवा दिवा लावला की माल घसरत मागे जातो. तो सरकतो त्या काही सेकंदांत विमानाचा तोल बदलतो, नाक वर यायला बघतं. ते किती येणार याचा अंदाज ठेवून वैमानिकाचा हात आधीच पुढे गेलेला असतो. नाक सावरतंय तोवर समोरचा डोंगर मोठा होत असतो, आणि वळायचं कुठल्या बाजूला हे आत शिरतानाच ठरलेलं असतं. एकाच ड्रॉपिंग झोनवर असे अनेक फेरे मारावे लागतात. माल पडायला हवा ते खालचं वर्तुळ लहान असतं. माल दरीत गेला तर खालच्यांना तो आणायला दिवसभर उतरावं लागतं, म्हणून नेम चुकला की वायरलेसवरून दोन खणखणीत शब्द ऐकू येतात. ते ऐकून घ्यायचे असतात.

इतिहासाचं एक सांगतो, कारण फायटरच्या झगमगाटात ते झाकलं जातं. २७ ऑक्टोबर १९४७ ला दिल्लीहून पहिली शीख बटालियन श्रीनगरला उतरवली ती डाकोटा विमानांनी. विमानतळ आपल्याच ताब्यात आहे की नाही याची खात्री नसताना ती उतरली होती. २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन लेहला डाकोटा उतरवलं. केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नसलेलं ते विमान झोजीला आणि फोतू ला या खिंडी ओलांडून गेलं आणि सिंधूकाठी सोनम नोर्बू या अभियंत्यानं तयार करून घेतलेल्या मातीच्या पट्टीवर टेकलं. मी वर लेहबद्दल जे लिहिलं ते सगळं तेव्हाही तसंच होतं, फक्त आकडेमोडीची पुस्तकं नव्हती.

पुढे १९६२ च्या जुलैमध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी लडाखच्या उत्तर टोकाला दौलत बेग ओल्डीला पॅकेट हे मालवाहू विमान उतरवलं. उंची सुमारे १६,६०० फूट. काही वर्षांनी ती पट्टी वापरातून गेली. ३१ मे २००८ ला तिथं पुन्हा विमान उतरलं, ते एएन-३२. २० ऑगस्ट २०१३ ला सी-१३०जे हे नवं मालवाहू विमान उतरलं आणि वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर बातमी आली. आमच्या जुन्या लोकांना गंमत वाटली, कारण २००८ ची बातमी शोधावी लागली होती!

१९७१ ला ११ डिसेंबरच्या दुपारी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या टांगाइलला २ पॅरा बटालियन छत्रीनं उतरवली, तेव्हा एएन-१२, पॅकेट, डाकोटा, कॅरिबू अशी मिळेल ती विमानं एका रांगेत लावली होती. त्याच युद्धात एएन-१२ नं बॉम्ब टाकायचंही काम केलं. ३ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री आग्र्याहून निघालेली आयएल-७६ मालदीवच्या हुलुले विमानतळावर अंधारात उतरली. एप्रिल २०२३ मध्ये सुदानच्या वादी सय्यदनाच्या खराब धावपट्टीवर, दिवे नसताना, रात्री दिसणारे चष्मे लावून सी-१३०जे उतरवलं आणि १२१ माणसं बाहेर काढली. यातल्या एकाही विमानातून शत्रूच्या विमानावर गोळी झाडलेली नाही. म्हणून शौर्यकथांच्या पुस्तकांत यांना कमी पानं मिळतात. मला ते पटत नाही, पण त्यासाठी भांडत बसायचंही वय राहिलं नाही.

जाता जाता एक आपल्याकडची गोष्ट. हवाई दलाकडे उडण्याच्या अवस्थेत जपलेलं एक जुनं डाकोटा आहे. विलायतेत दुरुस्त करून ते २०१८ मध्ये भारतात आणलं. त्याचं नाव 'परशुराम'. चिपळूणच्या घाटात परशुरामाच्या दर्शनाला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

आता 'टाकतात' या शब्दाबद्दल. एनडीएची तीन वर्षं झाली की हवाई दलाचे कॅडेट हैदराबादजवळ दुंडिगलच्या अकादमीत जातात. तिथं सगळेच आधी पिलाटस या शिकाऊ विमानावर उडायला शिकतात. त्यानंतर तीन वाटा फुटतात: फायटर, हेलिकॉप्टर, ट्रान्सपोर्ट. निवड गुणांवर होते, प्रशिक्षकांच्या मतावर होते, कॅडेटच्या पसंतीचा विचार होतो आणि त्या वर्षी दलाला कुठे किती माणसं हवीत यावरही होते. ट्रान्सपोर्टची मुलं बंगळुरूजवळ येलहंकाला डॉर्नियर या छोट्या विमानावर शिकतात. फायटरची पसंती जास्त असते आणि ती न मिळालेली काही मुलं येलहंकाला तोंड पाडून येतात, हे मी लपवणार नाही. सहा महिन्यांत त्यातली बहुतेक सावरतात. काही सावरत नाहीत आणि दहा वर्षांनीही मेसच्या बारमध्ये तेच उगाळतात. तुमची मुलगी यातल्या कुठल्या प्रकारची आहे हे तुम्हीच ओळखा.

स्वभावाचा फरक मात्र खरा आहे. फायटरच्या कॉकपिटमध्ये माणूस एकटा किंवा फार तर दोघं. तिथं हात आणि डोळे विजेसारखे लागतात. आमच्याकडे एएन-३२ मध्ये दोन वैमानिक, नॅव्हिगेटर, फ्लाइट इंजिनिअर, फ्लाइट गनर. फ्लाइट इंजिनिअर हा बहुधा वॉरंट ऑफिसर दर्जाचा, वयानं तुमच्या वडिलांपेक्षा थोडा लहान, आणि इंजिनाचा आवाज बदलला की घड्याळातला काटा हलण्याआधी त्याला कळतं. चोवीस वर्षांच्या फ्लाइंग ऑफिसरनं त्याचं ऐकायचं असतं आणि तरीही अखेरची जबाबदारी कॅप्टनच्या सीटवरची. हुकूम देता येणं आणि समोरच्याला 'सर, हे बरोबर वाटत नाही' असं म्हणू देणं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असाव्या लागतात. ज्याच्या क्रूमधले लोक गप्प बसतात तो कॅप्टन धोकादायक. नव्या सी-१३०जे आणि सी-१७ मध्ये क्रू लहान झाला आहे, दोन वैमानिक आणि माल सांभाळणारा लोडमास्टर एवढाच. यंत्रं पुष्कळ काम करतात. पण मागची माणसं कमी झाली म्हणून पुढच्यांचं ऐकण्याचं काम कमी होत नाही.

कॅप्टन व्हायला वर्षं लागतात. आधी उजव्या सीटवर दुसरा वैमानिक म्हणून. मग परीक्षा, तपासणी, चेक राइड. उड्डाणाच्या श्रेण्या असतात, ढगांतून फक्त यंत्रांवर विमान चालवण्याच्या परवान्याला व्हाइट, ग्रीन, मास्टर ग्रीन अशा पायऱ्या असतात. लेहसाठी वेगळी परवानगी, अरुणाचलच्या पट्ट्यांसाठी वेगळी. उजव्या सीटवरच्या त्या वर्षांत फॉर्म भरणं, वजनाचा आणि तोलाचा तक्ता काढणं, क्रूच्या नाश्त्याचे डबे आलेत का बघणं हेच काम वाटतं. वजनाच्या तक्त्याचा मला स्वतःला फार कंटाळा यायचा. पण पेटीवर लिहिलेलं वजन आणि पेटीचं खरं वजन यात फरक असू शकतो हे कळलं की कंटाळा जातो.

विमानांचंही थोडं सांगतो. डॉर्नियर सर्वांत लहान. एएन-३२ हे १९८४ पासून आहे, उष्ण आणि उंच प्रदेशासाठी म्हणून मुद्दाम घेतलेलं, साडेसहा टनांच्या आसपास माल उचलतं. सी-१३०जे वीसेक टन, आयएल-७६ चाळीसच्या वर, आणि २०१३ मध्ये दाखल झालेलं सी-१७ सत्तरच्याही वर. जुन्या एव्ह्रो विमानांच्या जागी सी-२९५ येतं आहे. २०२१ मध्ये ५६ विमानांचा करार झाला, पहिली १६ स्पेनहून आणि उरलेली ४० वडोदऱ्याच्या कारखान्यात. तुमची मुलगी स्क्वाड्रनमध्ये पोहोचेल तेव्हा तिच्या वाट्याला सी-२९५ यायची शक्यता बरीच आहे. ११ ऑक्टोबर २०२४ ला नवी मुंबईच्या नव्या धावपट्टीवर हवाई दलाचं पहिलं विमान उतरलं तेही सी-२९५ होतं, म्हणजे रायगड जिल्ह्यातच.

कोकणाशी या विमानांचा संबंध लोकांना वाटतो त्याहून जवळचा आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा लोकांना हेलिकॉप्टर दिसली, कारण ती डोक्यावर येतात. एनडीआरएफची पथकं आणि त्यांच्या बोटी दुसऱ्या राज्यांतून मालवाहू विमानांनी आली, ते दिसलं नाही. रत्नागिरीची आणि चिपीची, दोन्ही धावपट्ट्या कातळाच्या सड्यावर आहेत. पुरात रस्ते आणि रेल्वे बंद पडली की अशा उंच सड्यावरच्या धावपट्टीची किंमत कळते.

या नोकरीचा एक भाग असा आहे की त्याबद्दल आम्ही आपसातही कमी बोलतो. मागच्या भागात कधी कधी तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या असतात. लेहहून, श्रीनगरहून, जोरहाटहून. मग ते पार्थिव पुण्याला, मुंबईला किंवा गोव्याला पोहोचवायचं आणि तिथून गाडीनं गावाकडे. १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिल युद्धाच्या वेळी, हे फार झालं. त्या फेरीत क्रू नेहमीपेक्षा हळू बोलतो, बाकी सगळं तेच: तेच चेकलिस्ट, तेच हवामान. उतरल्यावर सलामी देऊन बाजूला उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी त्याच विमानात कांदे-बटाटे भरलेले असतात. हे सहन होईल का, हा प्रश्न मुलीला जरूर विचारा. उत्तर आज येणार नाही, पण विचारा.

उलटही असतं. हिवाळ्यात झोजीला बंद पडला की कारगिलला अडकलेल्या नागरिकांसाठी एएन-३२ ची कुरिअर सेवा चालते. त्यात बाळंतपणाला निघालेल्या बायका असतात, परीक्षेला निघालेली मुलं असतात. त्या फेऱ्या मला आवडायच्या.

धोका. गोल गोल बोलत नाही. ७ फेब्रुवारी १९६८ ला चंदिगडहून लेहला निघालेलं एएन-१२ १०२ माणसांसह नाहीसं झालं. २००३ मध्ये गिर्यारोहकांना हिमनदीत त्याचा माग लागला आणि २०२४ पर्यंत तिथून पार्थिवं मिळत राहिली. २२ जुलै २०१६ ला तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२ २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर हरवलं. अवशेष सुमारे ३,४०० मीटर खोल पाण्यात सापडल्याचं जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालं. ३ जून २०१९ ला जोरहाटहून मेचुकाला निघालेल्या एएन-३२ मधले १३ जण गेले. त्या वाटेवरून मीही गेलेलो आहे. डोंगरात विमान जातं ते बहुतेक वेळा ढगामुळे. अरुणाचलात खोरी अरुंद आणि हवा दमट. सह्याद्रीच्या घाटात जूनमध्ये ढग कसे पायथ्यापासून वर चढतात हे तुम्ही पाहिलं आहे. तिथं तेच दुप्पट-तिप्पट उंचीच्या डोंगरांत होतं, दहा मिनिटांत मागची वाट मिटते. आता उपग्रहावरून स्थान कळतं, जमीन जवळ आली की यंत्र ओरडतं, हवामानाचा अंदाज बरा झाला आहे. जोखीम कमी झाली, संपली नाही. कुणी 'ट्रान्सपोर्ट म्हणजे सेफ' असं म्हणालं तर त्याला माहिती नाही असं समजा.

घरदाराचाही प्रश्न तुम्ही विचारलात. माझ्या मते खरा भार तिथंच आहे. दर दोन-तीन वर्षांनी बदली. आग्रा, चंदिगड, जोरहाट, सुलूर, वडोदरा. सामानाच्या काळ्या ट्रंका पलंगाखालून निघतात आणि नव्या क्वार्टरमध्ये पलंगाखाली जातात. मुलं केंद्रीय विद्यालयात, हिंदीत भांडतात, मराठी आजीशी फोनवर. शिवाय बदलीच्या गावातही माणूस घरी असतोच असं नाही. दोन दिवसांच्या कामावर गेलेला हवामानामुळे आठवडाभर तिसऱ्याच ठिकाणी अडकतो. माझ्या पत्नीची शिक्षिकेची नोकरी दुसऱ्या बदलीत सुटली, ती पुन्हा नीट लागली नाही. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही म्हणून ते नुकसान नव्हतं असं होत नाही. तुमची मुलगी वैमानिक झाली तर हा हिशेब उलटा मांडावा लागेल: नोकरी सोडून तिच्या मागोमाग फिरणारा, किंवा निदान लांबून संसार करणारा, नवरा. दोघंही हवाई दलात असली तर एका ठिकाणी नेमणूक द्यायचा प्रयत्न होतो, दर वेळी जमतंच असं नाही. हे लग्नाच्या बैठकीत नव्हे, आत्ता घरात बोलून ठेवा.

आणि गणपती. स्क्वाड्रनमध्ये दोन कोकणी असले की जुलैपासून सुट्टीवरून वाटाघाटी सुरू होतात. एकाला गणपती, दुसऱ्याला शिमगा. ज्याला काहीच मिळत नाही तो मेसच्या कुकला उकडीचे मोदक शिकवायला जातो आणि दोघांचेही मोदक फुटतात.

मुलगी म्हणून वेगळं काय? ट्रान्सपोर्टमध्ये जवळजवळ काही नाही. १९९० च्या दशकात हवाई दलानं स्त्रियांना उड्डाण शाखेत घेतलं ते ट्रान्सपोर्ट आणि हेलिकॉप्टरसाठीच. फायटरचं दार २०१६ मध्ये उघडलं. म्हणजे आमच्या स्क्वाड्रनना स्त्री-कॅप्टनबरोबर काम करायची सवय कितीतरी आधीची. सुरुवातीला काही ज्येष्ठांनी नाकं मुरडली, पण विमान नीट उतरवणाऱ्याकडे बघून नाक फार वेळ मुरडता येत नाही. एनडीएत मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये आली आणि २०२५ मध्ये बाहेर पडली. एनडीएतून गेल्यास कायमस्वरूपी कमिशन. पदवीनंतर एएफकॅट या हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेतून शॉर्ट सर्व्हिसनं गेल्यास चौदा वर्षं, त्याला पेन्शन नाही. मोठ्या बहुइंजिनी विमानाचे तास हाताशी असल्यानं नागरी विमानकंपन्यांत ट्रान्सपोर्टवाल्यांना मागणी असते, परवाना मात्र डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) पेपर देऊन वेगळा काढावा लागतो. पगाराची काळजी करू नका. मूळ वेतन ५६,१०० पासून सुरू होतं, त्यावर लष्करी सेवा वेतन आणि उड्डाण भत्ता.

आत्ता करायचं ते असं. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र पक्कं, ते तिचं चालू असेलच. वैद्यकीय निकष यूपीएससीच्या मूळ अधिसूचनेत वाचा, क्लासवाल्याच्या पत्रकात नको. उड्डाण शाखेला उंची किमान १६२.५ सेंमी लागते, त्याशिवाय बसल्यावरची उंची आणि पायांची लांबीही मोजतात, कारण कॉकपिटमध्ये पेडलपर्यंत पाय पोहोचले पाहिजेत. नेत्रतज्ज्ञाकडून डोळे आणि रंगदृष्टी आत्ताच तपासून घ्या. रंगांध असल्याचं एसएसबीच्या निवड-मुलाखती झाल्यावर कळलेली मुलं मी पाहिली आहेत, वर्षं वाया जातात. वैमानिक निवडीची संगणकावरची चाचणी जन्मात एकदाच देता येते. तिला 'अनुभव म्हणून' पाठवू नका, तयार असेल तेव्हाच पाठवा. या चाचणीत घोकंपट्टीचा उपयोग नाही, पण दोन्ही हात आणि दोन्ही पाय वेगवेगळ्या कामाला लावायची सवय उपयोगी पडते. पोहता येत नसेल तर या मे महिन्यात शिकवा. एनडीएत पोहणं टळत नाही, आणि समुद्राच्या जिल्ह्यातून आलेल्या मुलीला पोहता येत नाही हे तिथं चारचौघांत सांगताना फार अवघड जातं.

बाकी मुलाखतीत 'फायटरच का?' किंवा 'ट्रान्सपोर्ट मिळालं तर?' असा प्रश्न येऊ शकतो. पाठ केलेलं उत्तर देऊ नये, समोरचे ओळखतात. सुभेदारसाहेबांना एकदा तिच्यासमोर बसवा आणि ते ज्या विमानातून गेले त्या फेऱ्यांबद्दल तिलाच विचारू द्या: कुठे थांबले, किती दिवस हवामान उघडलं नाही, कॅप्टन कधी परत फिरला. आणि यापुढचे प्रश्न तुम्ही विचारू नका, तिला विचारायला सांगा.